मॅक्रो पहिल्या जॉबला बरोबर, दुसऱ्याला चूक: दोष शोधायचा कुठे?

तक्रार नेहमी याच शब्दांत येते. "मॅक्रोत काही चूक नाही, पहिला जॉब एकदम ओके निघाला. दुसऱ्याला गडबड झाली. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा बरोबर येतं." सीएनसी मशीनचं साधं जी-कोड प्रोग्रॅमिंग हातात बसलेला माणूस मॅक्रोकडे, म्हणजे व्हेरिएबल, इफ, व्हाइल वगैरेंकडे वळला की या दगडाला ठेचकाळतोच. मीही ठेचकाळलो, आणि एकदा नाही.

गणित कच्चं असतं म्हणून हे होत नाही. साइन-कॉस सगळ्यांना जमतं. अडचण अशी की साधा प्रोग्रॅम कागदावर जवळजवळ पूर्ण दिसतो, पण मॅक्रोचा अर्धा भाग कंट्रोलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या, मेमरीत असतो. तुम्ही कागद दहा वेळा वाचता, चूक सापडत नाही, कारण ती कागदावर नसतेच. मागच्या वेळी काय उरलं, काय पुसलं गेलं, कोणी आधीच वाचून ठेवलं, यात ती असते.

खालचं सगळं फानुक कंट्रोलच्या कस्टम मॅक्रो बी च्या भाषेत आहे. कोड देवनागरीत लिहिलाय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं टाकायची.

दोन होलांची गोष्ट

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) दोन फिक्स्चर होते. जी५४ या वर्क ऑफसेटवर (जॉबच्या झीरोवर) सहा होलची फ्लँज, जी५५ वर आठ होलचं कव्हर. दोन्हीकडे पीसीडीवर, म्हणजे एका वर्तुळावर समान अंतराने, होल मारायची, म्हणून मी हौसेने एकच मॅक्रो लिहिला आणि जी६५ ने दोनदा बोलावला. फ्लँज सुरेख निघाली. कव्हर काढताना ऑपरेटर म्हणाला, "साहेब, याला दोनच होल पडलीत. आणि तीही एका बाजूला."

मी आधी टूल बघितलं. मग त्यालाच विचारलं की मधेच सायकल थांबवली होती का. तो नाही म्हणाला, माझा विश्वास बसला नाही. मशीन बंद करून चालू केलं, जी५५ चा भाग एकटाच चालवला, आठही होल पडली. झालं, मी "करंट गेला असेल" असं म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनच.

शेवटी होल कुठे पडलीत ते मोजलं आणि तिथे सुटलं. २७० अंश आणि ३१५ अंश. आठ होल म्हणजे ४५ अंशांचं अंतर, म्हणजे शून्यापासून मोजलं तर ही सहावी आणि सातवी जागा. मॅक्रोने मोजणी शून्यापासून नाही, सहापासून सुरू केली होती. आणि सहा हा आकडा फ्लँजचा होता.

मॅक्रोतली ओळ अशी होती (एलटी म्हणजे पेक्षा लहान, #११ मध्ये होलची संख्या):

व्हाइल [#१०० एलटी #११] डू१
...
#१००=#१००+१
एंड१

#१०० या व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य करणारी ओळच नव्हती. पहिल्या कॉलला #१०० रिकामा होता, कंट्रोलने तुलनेत त्याला शून्य धरलं, सहा फेऱ्या झाल्या, आकडा सहावर थांबला. दुसऱ्या कॉलला तो सहावरूनच पुढे निघाला. मशीन बंद केलं की #१०० पुसला जायचा, म्हणून "बंद-चालू केलं की बरोबर". ऑपरेटरची माफी मागितली, हेही लिहून ठेवतो.

यातलं शिकण्यासारखं म्हणजे चुकलेला जॉब भंगारात टाकायच्या आधी मोजायचा. किती होल पडली, कुठे पडली, किती मिलिमीटरने सरकली. चुकीचा आकडा बहुतेक वेळा कुठल्यातरी बरोबर आकड्याचा उरलेला तुकडा असतो.

रिसेट दाबण्याआधी

चूक दिसली की हात आपोआप रिसेटकडे जातो. तो आवरा. आधी फीड होल्ड (हालचाल थांबवायचं बटण), टूल सुरक्षित आहे ना ते बघा, मग ऑफसेटच्या बटणातून मॅक्रो व्हेरिएबलचं पान उघडा आणि #१०० पासूनचे आकडे फोनवर टिपून घ्या. रिसेटने यातलं बरंच पुसलं जाऊ शकतं आणि पुरावा जातो.

पुसलं जाईल की नाही हे कंट्रोलच्या सेटिंगवर आहे. फानुकवर पॅरामीटर ६००१ चा सहावा बिट ० असेल तर #१०० च्या घरातले व्हेरिएबल रिसेटला रिकामे होतात, १ असेल तर टिकतात. सातवा बिट हेच #१ ते #३३ साठी ठरवतो. एकाच मेकचं, एकाच मॉडेलचं मशीन शेजारी असतं आणि तोच मॅक्रो तिथे सुतासारखा सरळ चालतो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. बिटची मोजणी शून्यापासून, उजवीकडून, हे विसरू नका. आणि हा बिट बदलून समस्या "सोडवू" नका. त्याच मशीनवरचा दुसऱ्याचा मॅक्रो आकडे टिकण्याच्या भरवशावर लिहिलेला असू शकतो. आपला मॅक्रो दोन्ही सेटिंगला बरोबर चालला पाहिजे.

#५०० च्या पुढचे व्हेरिएबल मात्र वीज गेली तरी टिकतात. सीमेन्सच्या कंट्रोलवर आर पॅरामीटर असेच चिवट. हायडेनहाइनवर क्यूएल हे त्या प्रोग्रॅमपुरते आणि क्यूआर हे वीज गेल्यावरही राहणारे, अशी नावातच फोड केलेली आहे. मला ती पद्धत जास्त आवडते, पण आपल्या हाताशी जे मशीन आहे त्यावरच काम करायचं असतं.

पाटी आणि फळा

#१ ते #३३ हे लोकल. जी६५ ने मॅक्रो बोलावला की त्याला दर वेळी कोरी पाटी मिळते, आणि कॉलमध्ये लिहिलेले आकडे तेवढे त्या पाटीवर उतरतात. ए चा #१, बी चा #२, सी चा #३, डी चा #७, एफ चा #९, एच चा #११, आर चा #१८, एक्स-वाय-झेडचे #२४, #२५, #२६. ही जोडी सरळ क्रमाने नाही. आय-जे-के ने #४, #५, #६ घेतलेत आणि डी थेट #७ वर जातो. माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने एकदा तरी डी ला #४ धरून जॉब खराब केलाय. जी, एल, एन, ओ, पी ही अक्षरं तर आकडा पाठवायला वापरताच येत नाहीत.

#१०० पासूनचे कॉमन म्हणजे वर्गातला फळा. कोणीही लिहावं, कोणीही पुसावं. त्यामुळे मोजणीचे, कोनाचे, तात्पुरते आकडे फळ्यावर लिहायचेच नाहीत. त्यांना #२७ ते #३३ मधली घरं द्या. कॉलच्या अक्षरांना ती लागत नाहीत, म्हणजे टक्कर होत नाही. (आय-जे-के एकाच कॉलमध्ये पुन्हा पुन्हा देण्याचा एक प्रकार आहे, त्यात ही घरंही भरतात. तो वापरत असाल तर जपून.)

इथे एक सापळा आहे. जी६५ ऐवजी एम९८ ने, म्हणजे साध्या सबप्रोग्रॅमच्या कॉलने, बोलावलं तर नवी पाटी मिळत नाही. बोलावणाऱ्याचीच पाटी सबप्रोग्रॅम वापरतो. वरच्या मॅक्रोने #३० मध्ये मोजणी ठेवली, आतल्या सबप्रोग्रॅमनेही #३० लाच हात लावला, की बाहेरची मोजणी उडाली. शिवाय एम९८ च्या ओळीत एक्स-वाय लिहिलं तर ते आत जात नाही, मशीनच त्या एक्स-वायकडे सरकतं. नवशिक्याने जुन्या सवयीने एम९८ लिहायचं आणि मॅक्रोला आकडे का मिळत नाहीत म्हणून तासभर डोकं धरून बसायचं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "आकडे पोहोचत नाहीत" म्हटलं की मी आधी कॉलची ओळच दाखवायला सांगतो.

आणि आकड्याला टिंब द्या. एक्स५० आणि एक्स५०. यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. टिंब नसलेला आकडा त्या अक्षराच्या सर्वांत लहान एककात मोजला जातो, म्हणजे ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन. मॅक्रोच्या आत #१=५० लिहिलं तर मात्र ते ५०च, टिंबाची गरज नाही. ही विसंगती चिडचिड करायला लावणारी आहे, पण आहे.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे

माझ्या मते मॅक्रो शिकताना सगळ्यात जास्त वेळ यावर घालवायला हवा, आणि नेमकं हेच शिकवताना दोन वाक्यांत उरकलं जातं.

#० हा कायम रिकामा असतो. त्यात काही लिहिता येत नाही. एखाद्या व्हेरिएबलला अजून आकडाच मिळालेला नसेल तर तोही #० सारखा रिकामा. मॅक्रोच्या पानावर त्याच्यासमोर काहीच दिसत नाही, शून्यसुद्धा नाही. आता हा रिकामा व्हेरिएबल तीन ठिकाणी तीन प्रकारे वागतो.

बेरीज-गुणाकारात तो शून्य होतो. म्हणूनच सुरुवातीचा कोन न देताही पीसीडी मॅक्रो चालतो.

हालचालीच्या ओळीत तो शब्दच गायब करतो. #२६ रिकामा असताना "जी१ झेड#२६ एफ#९" लिहिलं तर मशीन झेड शून्यावर जात नाही. ओळीत झेड नव्हताच असं समजतं. टूल वरच राहतं आणि प्रोग्रॅम निवांत पुढे चालतो. मला विचाराल तर खाली जाऊन आदळण्यापेक्षा हे वाईट, कारण आवाजच होत नाही आणि पुढच्या ऑपरेशनला टॅप बंद जागेत घुसतो.

तुलनेत त्याची दोन तोंडं. ईक्यू (बरोबर) आणि एनई (बरोबर नाही) यांना रिकामं आणि शून्य वेगळं दिसतं. मोठं-लहान ताडणाऱ्या जीटी, जीई, एलटी, एलई यांना दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून "इफ [#२६ ईक्यू ०]" ही ओळ झेड दिला नाही हे पकडत नाही, त्यासाठी "इफ [#२६ ईक्यू #०]" असंच लिहावं लागतं. एका हॅशचा फरक.

हाच स्वभाव कामालाही लावता येतो. होलची संख्या शून्य असणं आणि न दिलेली असणं, दोन्ही आपल्याला नकोच आहे. तिथे "एलई ०" लिहिलं की दोघेही एका झटक्यात अडतात. झेड मात्र शून्य असू शकतो, ऋणही असू शकतो, तिथे "ईक्यू #०" च हवं. प्रत्येक आकड्याला कुठली चाळणी लावायची याचा विचार करायला बसलात की आपल्याला काम नीट कळलंय की नाही तेही कळतं.

दर जॉबला तेवढंच सरकतंय

लक्षण जरा वेगळं असेल, म्हणजे दुसरा जॉब ०.२ ने सरकला, तिसरा ०.४ ने, चौथा ०.६ ने, तर सुरुवातीचा आकडा विसरलेला नाही, कुठेतरी बेरीज साचतेय. दोनच जागा बघायच्या.

एक, जी१० एल२. वर्क ऑफसेट प्रोग्रॅममधून लिहायचा हा कोड जी९० (झीरोपासूनचं माप) मध्ये असेल तर आकडा बसवतो, जी९१ (आहे तिथून पुढचं माप) मध्ये असेल तर आधीच्या आकड्यात मिळवतो. मॅक्रोत कुठेतरी जी९१ चालू राहिला आणि खाली जी१० आला, की दर फेरीला झीरो सरकत जातो. जी१० च्या ओळीतच जी९० लिहायची सवय लावा.

दुसरी, "#५०१=#५०१+०.०२" सारखी ओळ. टूलची झीज भरून काढायला हे लिहितात आणि त्यात गैर काही नाही. पण ऑपरेटरने मधून प्रोग्रॅम परत वरून चालवला तर झीज न होताच ०.०२ वाढतं. अशी ओळ प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी, जॉब खरोखर पूर्ण झाल्यावरच यावी, आणि वर एक मर्यादा असावी: इफ [#५०१ जीटी ०.३] देन #३०००=२ (झीज तपासा). #३००० ला आकडा दिला की मशीन अलार्मवर थांबतं आणि त्या आकड्यात ३००० मिळवून अलार्मचा नंबर दाखवतं, इथे ३००२.

मॅक्रो जाताना घर आवरत नाही

दुसरा जॉब चुकण्याचं आणखी एक नेहमीचं कारण व्हेरिएबलचं नसतंच. मॅक्रोने आत जी९१ लावला, काम केलं, एम९९ ने परत आला. मुख्य प्रोग्रॅमला काही कल्पना नाही. पुढची "जी० एक्स० वाय०" ही ओळ आता "जिथे आहेस तिथेच थांब" अशी वाचली जाते.

मोडल स्थिती, म्हणजे बदलेपर्यंत चालू राहणारे जी-कोड, सिस्टिम व्हेरिएबलमध्ये मिळते. #४००१ मध्ये जी०, जी१ चा गट, #४००३ मध्ये ९० की ९१, #४०१४ मध्ये जी५४ ते जी५९ पैकी कोणता चालू आहे ते. मॅक्रोच्या पहिल्या ओळींत उचलून ठेवायचं, शेवटी परत लावायचं. ज्याच्या घरात गेलो ते जसं होतं तसं सोडून यायचं, एवढंच.

सिंगल ब्लॉकला बरोबर, ऑटोत चूक

हे लक्षण दिसलं की बाकी सगळं सोडा. यावर दुसरा संशयित जवळजवळ नसतोच. कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो. हालचालीच्या ओळींसाठी ते चांगलंच आहे, त्याशिवाय टूल प्रत्येक कोपऱ्यात अडखळेल. पण मॅक्रोच्या ओळी त्याला वाचता क्षणीच करून टाकता येतात. टूल अजून वरून निघालंही नसतं आणि खालच्या ओळीतलं "#१०५=#५०४३", म्हणजे झेडची आत्ताची जागा टिपून घे, हे होऊन गेलेलं असतं. टिपली जाते ती जुनी जागा. सिंगल ब्लॉकमध्ये प्रत्येक हालचाल पूर्ण होऊन मगच पुढची ओळ येते, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून फसतो. जी४१, जी४२ (टूलच्या त्रिज्येची भरपाई) चालू असताना कंट्रोल आणखी पुढचं वाचतो, तेव्हा घोळ वाढतो.

उपाय म्हणजे टिपायच्या ओळीआधी वाचन रोखणारी ओळ टाकणं. कोणता कोड वाचन रोखतो हे कंट्रोलच्या मॅन्युअलमध्ये बफरिंगच्या प्रकरणात असतं. हासच्या मशीनवर जी१०३ पी१ लिहून खाली काही रिकाम्या ओळी सोडतात. आणि जिथे फक्त "ही ओळ कुठे संपली" एवढंच हवंय तिथे #५०४१ च्या घरातलं वाचूच नका. #५००१ पासूनचे व्हेरिएबल ओळीचा शेवटचा बिंदू देतात, त्यांना हालचाल चालू असली तरी फरक पडत नाही. प्रोबचा स्पर्श जी३१ ने घेतला असेल तर स्पर्शाची जागा #५०६१ पासून पुढे मिळते.

याच्याच उलट लक्षण: पहिला जॉब चूक, दुसरा बरोबर. मॅक्रोने टूल ऑफसेट बदलला, पण चालू कटला तो लागलाच नाही. बऱ्याच मशीनवर नवा ऑफसेट जी४३ एच (टूलच्या लांबीचा ऑफसेट लावणारा कोड) पुन्हा वाचला गेल्यावरच लागू होतो. ऑफसेट लिहिल्यानंतर जी४३ ची ओळ पुन्हा द्या, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

जाता जाता सिंगल ब्लॉकबद्दल एक. मॅक्रोच्या ओळींवर मशीन सहसा थांबत नाही, एकदा सायकल स्टार्ट दाबलं की पुढच्या हालचालीपर्यंत धावत जातं. प्रत्येक मॅक्रो ओळीवर थांबवायचं असेल तर पॅरामीटर ६००० चा पाचवा बिट १ करायचा. शिकताना हा लाख मोलाचा आहे. काम झालं की परत ० करा, नाहीतर पुढच्या पाळीवाला शिव्या घालेल.

किरकोळ, पण वेळ खाणारं

कंस. हिशोबाला चौकोनीच. गोल कंसातलं सगळं कंट्रोलला शेरा वाटतं. "#१=#२ (+०.५)" लिहिलं तर #१ मध्ये #२ जसाच्या तसा जातो आणि अर्धा मिलिमीटर हवेत विरतो, अलार्म नाही, काही नाही.

दशांशाची बरोबरी. "व्हाइल [#३० एनई १.] डू१" आणि आत ०.१ ची भर. कागदावर दहा फेऱ्यांत एक होतं, कंट्रोलच्या आत ते अगदी काटेकोर एक होईलच असं नाही, आणि एकदा निसटलं की फेरा थांबत नाही. फेऱ्या पूर्णांकात मोजा, खोली हवी तेव्हा गुणाकार करून काढा. दोन दशांश आकडे ताडून बघायचेच असतील तर एबीएस[#१-#२] एलटी ०.००१ असं.

अलार्म देणाऱ्या चुका तर मी चांगल्या चुका मानतो, त्या निदान बोलतात. ११२ म्हणजे शून्याने भागाकार, बहुतेकदा एखादा आकडा पोहोचलाच नाही. ११४ म्हणजे हिशोबाची ओळ चुकीची मांडली, कंस बघा. ११५, नसलेला व्हेरिएबल. ११६, ज्यात लिहायची मुभा नाही त्यात लिहिलंय. १२४, डू ला एंड नाही. १२८, गोटू ज्या ओळीकडे पाठवतोय ती ओळच नाही. डू चे नंबर १, २, ३ एवढेच असतात आणि एकात एक असे तीनपेक्षा जास्त डू घालता येत नाहीत.

बरोबर आहे हे कधी म्हणायचं

पहिला जॉब ओके निघाला म्हणून मॅक्रो बरोबर, हे म्हणणं मी सोडून दिलंय. आता मी आधी फळा घाण करतो. मुद्दाम. चाचणीआधी हा तुकडा चालवतो:

#१=१००
व्हाइल [#१ एलई १४९] डू१
#[#१]=७७.७७७
#१=#१+१
एंड१

#[#१] म्हणजे #१ मध्ये जो आकडा आहे त्या नंबरचा व्हेरिएबल. #१०० ते #१४९ सगळीकडे ७७.७७७ बसतं. मग मॅक्रो चालवायचा. त्याने कुठेही सुरुवातीचा आकडा द्यायचं विसरलं असेल तर पहिल्याच फेरीत काहीतरी विचित्र घडतं आणि हवेतच घडतं, कारण त्याआधी एक्सटर्नल ऑफसेटमध्ये झेड १०० मिलिमीटर वर घेतलेला असतो. वर तेवढी जागा शिल्लक आहे ना तेवढं बघा. त्या मशीनवर दुसऱ्या कोणाचे मॅक्रो हे व्हेरिएबल वापरत असतील तर आधी नोंद करून ठेवा. #५०० च्या पुढे हा खेळ अजिबात करू नका. प्रोबच्या कॅलिब्रेशनचे आकडे बहुतेक तिथेच राहतात, ते उडाले तर अर्धा दिवस गेला.

नंतर तोच मॅक्रो एकाच प्रोग्रॅममधून, मधे एम३० (प्रोग्रॅमचा शेवट) न येता, तीनदा. वेगवेगळ्या आकड्यांनी, आणि मधला कॉल मुद्दाम अपुरा, म्हणजे अलार्म येतो की नाही ते कळतं. आत काय चाललंय ते बघायचं असेल तर #३००६=१ (इथे पोहोचलो) असं लिहिलं की मशीन संदेश दाखवून थांबतं, सायकल स्टार्टने पुढे जातं. संदेश २६ अक्षरांत बसवायचा.

दोन होल पाडणारा माझा मॅक्रो आता असा आहे. कॉलआधी टूल सुरक्षित उंचीवर असायला हवं, ते काम मुख्य प्रोग्रॅमचं.

ओ९०१० (पीसीडी)
इफ [#७ एलई ०] गोटू ९१
इफ [#११ एलई ०] गोटू ९१
इफ [#९ एलई ०] गोटू ९१
इफ [#१८ ईक्यू #०] गोटू ९१
इफ [#२६ ईक्यू #०] गोटू ९१
#३१=#४००३
#३२=#४००१
#३०=०
जी९०
व्हाइल [#३० एलटी #११] डू१
#२९=#१+#३०*३६०/#११
जी० एक्स[#२४+#७/२*कॉस[#२९]] वाय[#२५+#७/२*साइन[#२९]]
जी० झेड#१८
जी१ झेड#२६ एफ#९
जी० झेड#१८
#३०=#३०+१
एंड१
जी#३१ जी#३२
एम९९
एन९१ #३०००=१ (आकडे अपुरे)

आणि कॉल: जी६५ पी९०१० एक्स०. वाय०. डी८०. एच८. आर३. झेड-१२. एफ१२०.

एक्स, वाय आणि सुरुवातीचा कोन यांना चाळणी लावलेली नाही. ते न देणं म्हणजे शून्य, असं मी ठरवून ठेवलंय आणि मॅक्रोच्या डोक्यावर शेऱ्यात लिहिलंय. मॅक्रो चोख चालायला लागला की ९००० चे प्रोग्रॅम पॅरामीटर ३२०२ च्या चौथ्या बिटने कुलूपबंद करता येतात. त्याआधी एक प्रत मशीनबाहेर काढून ठेवा, बॅटरी संपल्यावर आठवण्यापेक्षा आत्ता.